साळिंदर टोचून घेत नाही

एका जंगलात एक नियम राहत होता.

हो मुलांनो, राहतच होता. वाघ गुहेत राहतो, मासा पाण्यात राहतो आणि नियम म्हाताऱ्यांच्या घशात राहतो. हा नियम साळिंदरांच्या टेकडीवर राहत होता आणि तो असा होता: साळिंदर टोचतं, टोचून घेत नाही.

पिल्लू धड चालायला लागायच्या आत त्याच्याकडून हा नियम पाठ करून घेत. 'का?' असं विचारायचं नाही, हेही त्याच वेळी शिकवत. शहाणी पिल्लं विचारत नसत. ती पुढे मोठी होऊन पंच होत.

कुसळीने विचारलं.

"आबा, का नाही टोचून घ्यायचं?"

तेव्हा ती पेरूएवढी होती. निवडुंगआबा तिचे सख्खे आजोबा आणि टेकडीच्या पंचायतीचे मुख्य. त्यांनी नातीला जवळ घेतलं, दोघांचेही काटे सांभाळून, आणि तिच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर दिलं.

म्हणजे ते खोकले.

मुलांनो, साळिंदरांच्या टेकडीवर खोकल्याला फार मान होता. लहान बोलत, मोठे खोकत. एकदा खोकलं की त्याचा अर्थ 'नाही'. दोनदा खोकलं की 'अजिबात नाही'. आणि छातीच्या तळातून वर येणारा, डोळ्यांत पाणी आणणारा, लांबलचक खोकला आला की विषय संपला. 'हो' म्हणण्यासाठी वेगळा खोकला नव्हता. त्याची कधी गरजच पडली नव्हती.

ज्याचा खोकला मोठा, तो पंच मोठा. निवडुंगआबांचा खोकला तर पार ओढ्यापलीकडे ऐकू जाई. तरुण साळिंदरं त्यांच्यासारखं खोकायचा सराव करत. पावसाळ्यात आबांची छाती भरे, जिना नसलेल्या टेकडीवर जिना चढल्यासारखा दम लागे, आणि लोक कौतुकाने म्हणत, "काय भारदस्त व्यक्तिमत्त्व आहे!"

आता गंमत बघा. पंचायत भरे ती एका अरुंद बिळात. सगळे पंच अंगाला अंग लावून बसत. त्यामुळे दर बैठकीत चार-पाच पंचांना शेजाऱ्याचे काटे टोचत आणि कुणी ना कुणी लंगडत बाहेर पडे. पण ते टोचणं घरचं होतं. त्यात परंपरा होती. नियम होता तो परक्याच्या टोचण्यापुरता.

साळिंदरांची आणखी एक रीत होती. तिचं नाव नाकलावणी.

नवं पिल्लू जरा बाळसं धरू लागलं की त्याला पंचायतीच्या बिळात आणत. सगळे पंच वयाच्या मानाने ओळीत उभे राहत. एकेक पंच पुढे येई, पिल्लाच्या नाकाला आपलं ओलं नाक लावी, एक दीर्घ श्वास सोडी आणि आशीर्वाद म्हणून तिथेच खोके. शेवटचा खोकला झाला की पिल्लाचं नाव ठेवत. नाकलावणी झाल्याशिवाय पिल्लाला नाव नाही आणि टेकडीवर जागा नाही.

कुसळी मोठी झाली. ओढ्यापलीकडे घुबडबाईंचं कॉलेज होतं, तिथे शिकायला गेली. टेकडीवरच्या गोखरूकाकांना हे मुळीच पसंत नव्हतं. गोखरूकाका हे पंचायतीतले सर्वांत तरुण पंच, म्हणजे ते नुकतेच खोकायला लागले होते.

"चार बुकं वाचली की पोरींच्या जिभेला काटे फुटतात," ते म्हणाले.

"मग तर बरंच की काका," कुसळी म्हणाली. "आपल्या जातीला शोभून दिसेल."

ती कॉलेजात असतानाच तिच्या थोरल्या बहिणीला, करवंदीला, पहिलं पिल्लू झालं. त्याची नाकलावणी थाटात झाली. झाडून सगळे पंच हजर होते. सगळ्यांनी नाक लावलं, सगळे खोकले. पिल्लाचं नाव सराटा ठेवलं.

पुढच्या आठवड्यात सराट्याचं अंग तापलं. दूध तोंडात धरेना. श्वास भराभर होऊ लागला, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडू लागला. करवंदी त्याला पोटाशी घेऊन बसली. पंच येऊन बघून गेले, बघताना खोकून गेले. आबांनी कोल्ह्याकडून छातीचं चाटण मागवलं. ते चाटण आबांनी स्वतः कितीतरी वर्षं घेतलं होतं, आणि त्याचा त्यांच्या खोकल्यावर काहीही परिणाम झाला नव्हता, इतकं ते सात्त्विक होतं.

सराट्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी बसायच्या आत त्याला हिवराच्या झाडाखाली पुरावं लागलं.

"दृष्ट लागली," पंचायतीने निकाल दिला. कुणाची, ते सांगितलं नाही. मग नाकलावणीचा बेत अजून दणक्यात करायला हवा होता, यावर तिथेच चर्चा झाली.

कुसळी सुट्टीला घरी आली तेव्हा करवंदी हिवराकडे पाठ करून बसत असे. ती काही बोलत नसे. फक्त एकदाच म्हणाली, "कुसळे, त्याचा श्वास ऐकू यायचा गं. बिळाच्या तोंडाशी उभं राहिलं तरी."

पुढच्या वर्षी करवंदीला दुसरं पिल्लू झालं. आणि त्याच सुमाराला तळ्यावर बगळीणबाई आली.

बगळीणबाई नर्स होती. पांढरीशुभ्र, एका पायावर तासन्‌तास उभी राहणारी. नर्सच्या नोकरीला याहून जास्त काय लागतं! तिच्याजवळ बर्फाची पेटी होती आणि पेटीत लस होती. शेजारी एक फलक होता. जंगलच्या राजाने तो मुद्दाम पाठवला होता. फलकावर सिंहाचा हसरा फोटो इतका मोठा होता की लस कशाची आहे, हे लिहायला जागाच उरली नव्हती. त्यामुळे बगळीणबाईला ते येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडाने सांगावं लागे.

कुसळीने तळ्यावर जाऊन विचारलं. तिला विचारायची खोडच होती.

"न्यूमोकोकस नावाचा एक जंतू आहे," बगळीणबाई म्हणाली. "नाकात, घशात गुपचूप बसून राहतो. धडधाकट जनावराला तो आहे हे कळतही नाही. पण खोकला, शिंक, नाकाला नाक, असं काही झालं की हा निघाला दुसऱ्याच्या घरी."

"नाकाला नाक?" कुसळीचे काटे उभे राहिले.

"हो. आणि समोरची छाती कोवळी असली तर खाली उतरतो. मग न्यूमोनिया. रक्तात शिरला, मेंदूच्या आवरणात शिरला, तर त्याहून वाईट."

"ही लस घेतली की न्यूमोनिया होतच नाही?"

"असं खोटं मी सांगणार नाही. न्यूमोनिया करणारे दुसरेही जंतू आहेत. पण हा त्यातला मोठा दांडगट आहे. त्याला दाराशीच अडवलं तर पुष्कळ पिल्लं वाचतात."

"आणि म्हातारे? म्हणजे समजा, एखादे आजोबा आहेत. पावसाळ्यात छाती भरते. दम लागतो."

"म्हातारी छाती आणि कोवळी छाती, दोन्ही सारख्याच कच्च्या. मोठ्यांसाठीही लस आहे. तुझ्या आजोबांना घेऊन ये."

कुसळीला हसू आलं. आबांना टोचायला न्यायचं म्हणजे डोंगराला ओढ्यावर पाणी प्यायला न्यायचं. तरी ती पंचायतीत गेली. घुबडबाईंनी शिकवलं होतं, की समजावून सांगितलं की समजतं. घुबडबाई फार विद्वान होत्या. पंचायतीत त्या कधी बसल्या नव्हत्या.

कुसळी जायच्या आधीच तिथे पोपट पोचला होता. या पोपटाला स्वतःचं असं काही सांगायचं नसे. जे कानावर पडेल ते तो साऱ्या जंगलभर म्हणून दाखवी, आणि शेवटी म्हणे, "आणखी दहा जणांना सांगा!" लोक सांगत. सांगितल्याने पुण्य लागतं, असंही त्यानेच सांगितलं होतं.

"लस टोचली की साळिंदराचे काटे गळतात!" पोपट म्हणत होता. "पलीकडच्या जंगलात एका साळिंदराने टोचून घेतलं, सकाळी उठून बघतो तर काय, ससा झालेला! आणखी दहा जणांना सांगा!"

"ऐकलंस?" गोखरूकाका म्हणाले. "ससा!"

"काका, ते साळिंदर कुणी पाहिलं?"

"आता कसं दिसणार? ससा झाला ना त्याचा!"

यावर सगळे पंच गंभीरपणे खोकले. मुद्दा बिनतोड होता.

कुसळीने बगळीणबाईने सांगितलेलं सगळं सांगितलं. न चिडता सांगितलं. मुलांनो, हे तिला किती जड गेलं, ते तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग मायेने म्हणाले, "पोरी, आमच्या वेळी कुठे होत्या लशी? आम्ही जगलोच ना?"

"जे जगले नाहीत, ते पंचायतीत येऊन तसं सांगत नाहीत, आबा."

आबा एकदा खोकले.

"आबा, तुम्हीच तर शिकवलंत, काट्याने काटा काढावा. लस म्हणजे आणखी काय वेगळं आहे? बारीकसा काटा आधी लावून घ्यायचा, म्हणजे मोठा काटा शिरत नाही."

बिळात चुळबुळ झाली. ही म्हण साळिंदरांच्या कुळाची होती. प्रत्येक भाषणाची सुरुवात तिनेच होई. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ते म्हणीपुरतं," गोखरूकाका म्हणाले.

"म्हण म्हणायची असते," दुसरे एक पंच म्हणाले. "वापरायला लागलं तर झिजेल."

आबा दोनदा खोकले. मग त्यांना खरोखरीचाच खोकला आला. तो थांबेना. डोळे लाल झाले, मान फुगली, अंगावरचे काटे खुळखुळ वाजू लागले. कुसळी धावत पुढे गेली आणि त्यांच्या मानेखाली, जिथे काटे नसतात तिथे, हात फिरवू लागली. लहानपणी तिला उचकी लागली की आबा असाच हात फिरवत.

"आबा, चला ना माझ्याबरोबर," ती हळूच म्हणाली. "एकदाच. मी असेन तिथे."

आबांना श्वास मिळाला. त्यांनी तिचा हात बाजूला केला.

"विषय संपला," ते म्हणाले. पंचांनी टाळ्या वाजवल्या. इतका जोरकस खोकला फार दिवसांत झाला नव्हता.

कुसळी घरी आली. करवंदी पिल्लाला पाजत होती. तिने वर न बघताच विचारलं, "काय म्हणाले?"

"खोकले."

करवंदीने पिल्लाला आणखी जवळ ओढलं. ती आयुष्यात कुणाला उलटून बोलली नव्हती. टेकडीवर तिला गुणी म्हणत.

"कुसळे," ती म्हणाली, "साळिंदरं दुपारी झोपतात ना?"

भर दुपारी, सगळी टेकडी घोरत असताना, दोघी बहिणी पिल्लाला घेऊन तळ्यावर गेल्या. बगळीणबाईने पिल्लाच्या मांडीवर मऊ जागा शोधली. आईने त्याला घट्ट धरलं. सुई गेली, पिल्लू कळवळलं, आणि दुसऱ्याच क्षणी आईच्या पोटात तोंड खुपसून चोखायला लागलं. झालं. त्या गडबडीत करवंदीचे काटे बगळीणबाईच्या पंखात घुसले. त्या दुपारी सगळ्यांत जास्त टोचलं गेलं ते नर्सलाच.

"आज, उद्या अंग जरा कोमट लागेल. घाबरू नका," आपल्या पंखातले काटे उपटत बगळीणबाई म्हणाली. "आणि हा पहिला डोस आहे. पुढचे चुकवायचे नाहीत. तोवर खोकणाऱ्यांची नाकं याच्यापासून लांब ठेवा."

करवंदीने कुसळीकडे पाहिलं. नाकलावणी दुसऱ्याच दिवशी होती, आणि ती टाळायची सोय टेकडीवर नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंचायतीचं बीळ गच्च भरलं. पंच वयाच्या मानाने ओळीत उभे राहिले. हवा ओली होती, त्यामुळे खोकले छान लागत होते. पुढे कुसळी पिल्लाला छातीशी धरून उभी होती. तिच्यामागे करवंदी.

गोखरूकाकांना पिल्लांना खालून-वरून न्याहाळायची सवय होती. त्यांनी वाकून पाहिलं आणि ते ओरडले, "अरे! मांडीवर लाल काय आहे? आणि हात लावून बघा, अंग कोमट आहे!"



"टोचलंय," आबा म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

"हो आबा. टोचलंय."

मग जो गलका झाला, तो काय सांगावा! कुळाला बट्टा लागला. पूर्वजांचे काटे उभे राहिले. पिल्लू आता ससा होणार का, याची तपासणी करायला दोघांनी त्याचे कान ओढून पाहिले. कान होते तेवढेच राहिले. गोखरूकाका म्हणाले, अजून होईल, सकाळपर्यंत थांबा.

आबांनी पंजा वर केला. सगळे थांबले.

"झालं ते झालं," आबा म्हणाले. "पोरीची जात, कच्चं डोकं. पण शुद्धी करून घ्यावी लागेल. एरवी एकेकदा नाक लावतो. आज प्रत्येक पंच तीन-तीनदा लावेल. आणि तीन-तीनदा खोकेल. म्हणजे बाहेरचं जे काही आत गेलंय, ते निघून जाईल."

वा! पंचांना हा तोडगा फारच आवडला. तो कडक होता आणि त्यात मानही तिप्पट होता. ओळ सरळ झाली. सर्वांत पुढे आबा. त्यांनी घसा साफ केला, ओलं नाक पुढे केलं आणि पंजे पसरले.

"आण इकडे."

"नाही," कुसळी म्हणाली.

आबांना ऐकू आलं नसावं. त्यांना हा शब्द ऐकायची सवय नव्हती, फक्त खोकायची होती.

"आण म्हणतो ना."

"नाही देणार, आबा. एकदाही नाही आणि तीनदाही नाही. याचे सगळे डोस होईपर्यंत कुठलंच खोकणारं नाक याच्या जवळ येणार नाही. आणि ज्या पंचांना याला जवळ घ्यायची हौस आहे, त्यांनी आधी तळ्यावर जाऊन आपली लस घेऊन यावी. खोकला असेल तर तो बरा होऊ द्यावा. मग या, मी स्वतः याला तुमच्या हातात देईन."

"मग याला नाव मिळणार नाही!" गोखरूकाका किंचाळले.

"न मिळो. सराट्याला नाव मिळालं होतं."

मागून करवंदी पुढे आली आणि बहिणीच्या अंगाला अंग लावून उभी राहिली. तिचे काटे कुसळीला टोचत होते. कुसळी हलली नाही.

"पोरी," आबांचा आवाज खाली आला, "तुला काय म्हणायचंय? आम्ही त्याला... सराट्याला आम्ही..."

कुसळीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्याचा राग आला, पण तिने ते पुसलं नाही. दोन्ही हातांत पिल्लू होतं.

"ते कुणाच्या नाकातून गेलं, हे मी विचारत नाही, आबा. ते आता कुणालाच कळणार नाही. मी फक्त एवढंच विचारते. त्या दिवशी या ओळीत खोकत कोण नव्हतं?"

मुलांनो, आता नीट ऐका. कारण त्यानंतर जे झालं, ते त्या टेकडीवर आधी कधीच झालं नव्हतं.

पहिल्या पंचाच्या घशात खोकला आला. त्याने तो गिळला. दुसऱ्याच्याही आला, त्याने तोंडावर पंजा दाबला. गोखरूकाकांचे डोळे पाण्याने भरले, गाल फुगले, पण ते खोकले नाहीत. कोण खोकणार? जो खोकेल, तो उत्तर देईल.

आबांची छाती उकळत्या पातेल्याच्या झाकणासारखी खदखदत होती. त्यांनी पुढे केलेलं नाक हळूहळू मागे घेतलं. पसरलेले पंजे खाली ठेवले. ते नातीकडे बघत राहिले, मग करवंदीकडे, मग पिल्लाकडे.

सगळं बीळ गप्प झालं. इतकं गप्प, की टेकडीवर पहिल्यांदाच एका पिल्लाचा श्वास सगळ्यांना ऐकू आला. हलका. संथ. झोपेतला.



तात्पर्य: वडीलधाऱ्यांचं नेहमी ऐकावं. ते गप्प बसतात तेव्हा तर अगदी कान देऊन ऐकावं.